येत नाही तर येत नाही म्हण

३ मार्च

ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोनवर माझा आवाज कापतो आणि तू पहिल्या वाक्यातच मला पकडतेस. शिवाय तुमचा फोन बैठकीत, आणि शेजारी सूनबाई. हे मला फक्त तुला सांगायचंय.

परवा मी आत्याबाईंना मावशी म्हणालो.

हसू नकोस. आमच्या गोदामात रमची कागदावरची लांबलचक नावं कोणी घेत नाही, हे तुला माहीत आहे. पाच भट्ट्यांकडून आमच्याकडे पिपं येतात आणि पाचांनाही मी नात्यातली नावं ठेवलेली आहेत. आत्याबाई म्हणजे तांब्याच्या जुन्या हंड्यात उकळलेली, मळीची, जड रम. काळ्या पडलेल्या केळ्याचा आणि व्हार्निशचा वास पुढे पाठवून मगच स्वतः येणार. मावशी मऊ, गोड, कोणाशी भांडण नाही. जाऊबाई उसाच्या ताज्या रसाची, हिरवी आणि फटकळ. काका नुसते लाकूड. आणि व्याही, म्हणजे वास छान, पण मनात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. इतकी वर्षं मी यांच्यात वावरलो. डोळे बांधून पेला हातात दिला तरी कोण आलंय ते मी ओळखायचो. परवा सरावासाठी पेले झाकून मांडले, आणि आत्याबाईंच्या पेल्यावर मी छातीठोकपणे ‘मावशी’ लिहिलं. चिठ्ठी उलटून पाहिली आणि तोच पेला पुन्हा दोनदा हुंगला.

सराव कशासाठी, तर नव्या मालकीणबाईंनी बारा एप्रिलला मोठ्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. काळ्या काचेचे सहा पेले, म्हणजे रंगही दिसायचा नाही. कुठली रम, कुठल्या भट्टीची, ते सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. मीसुद्धा, सगळ्यांच्या देखत. ‘आपल्या रम जुळवणाऱ्या ब्लेंडरचं नाक लोकांना दिसू दे,’ असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. गोदामात कुजबुज आहे की नाक दिसलं नाही तर पिपातली रम चाखून पिपावर सही करणारा नवा माणूस आणायचं ठरलंय.

पण ताई, मला नोकरीची भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण ती दुसऱ्या नंबरची. अप्पांचं आठवतंय ना? आधी नाक गेलं. आईच्या स्वयंपाकाला चव नाही म्हणून रोज कटकट. आपल्याला वाटलं, म्हातारा चिडका झालाय. मग वर्षभरात हात. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि चिमट्यात स्क्रू धरता येईना. शेवटी तर त्यांना शर्टाची बटणंही आपणच लावायचो.

रात्री दिव्याखाली हात पसरून बघतो. कापतोय असं वाटतं. मग वाटतं, बघतोय म्हणून कापतोय.

कोणाला सांगू नकोस.

तुझा
नकट्या


११ मार्च

नकट्या,

पत्र वाचलं आणि राग आला. माणूस एकदा चुकला की लगेच अप्पा होतो का? सर्दी झाली असेल. तू लहानपणापासून शेंबडा. आई तुझ्या मागे रुमाल घेऊन धावायची आणि तेच नाक पुढे पगार मिळवेल असं कोणी सांगितलं असतं तर ती हसून हसून पडली असती.

तरी तू घाबरलायस, तेव्हा उपाय करते. या पत्रासोबत एक खोकं पाठवतेय. त्यात सहा लहान डब्या आहेत, प्रत्येकीवर नंबर. डोळ्यांवर पट्टी बांध, एकेक उघड, आणि काय वास आला ते लिहून कळव. चोरून बघायचं नाही. आणि येत नाही तर येत नाही म्हण. तुझी ती पाढ्यांची खोड मला ठाऊक आहे. तेरासाते विचारलं की ‘येत नाही’ म्हणायच्या ऐवजी कुठलातरी आकडा असा ठणकावून सांगायचास की गुरुजींनाच शंका यायची.

इकडे सगळं ठीक. सूनबाईने मात्र डोकं उठवलंय. परवा दूध करपलं. मी शेजारीच कोटाची काजं करत बसले होते, आणि ही माडीवरून धावत खाली, जणू घर पेटलं. ‘सासूबाई, तुमच्या नाकासमोर जळतंय!’ म्हटलं, कामात लक्ष होतं. आता गॅस बंद आहे का ते दिवसातून दहादा येऊन बघते. मी कप बशीत ठेवताना वाजवते म्हणे, चिरंजीवांची झोप मोडते. या वयात कप कसा ठेवायचा तेही शिकायचं.

एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला. काजं सरळ नाहीत म्हणाला. मी म्हटलं, तुमचं पोट सरळ नाही. पण उसवून पुन्हा केली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, सुईत दोरा ओवताना नाकी नऊ येतात.

डब्यांचं लगेच कळव. माझा जीव टांगणीला आहे.

ताई


२० मार्च

ताई,

तू परीक्षा घ्यायला लागलीस की मला अजून घाम फुटतो. खुर्चीवर बसलो, डोळ्यांवर मफलर बांधला. डब्या उघडायच्या आधी, आमच्या धंद्यातली रीत म्हणून, कोपराच्या खोबणीत नाक खुपसून स्वतःचाच वास घेतला. त्याने नाकाची पाटी कोरी होते.

पहिली, लवंग. दुसरी, कपड्याचा साबण, तुझा नेहमीचा पिवळा. तिसरी, शिलाई मशीनचं तेल. चौथी, कॉफी, आणि तीही शिळी. चांगली कॉफी सूनबाईसाठी ठेवलीस वाटतं. सहावी, मेण.

पाचवीला मी मफलर काढला. चोरून बघायला नाही, डोळे पुसायला. अप्पांची तपकीर! अगं, कुठून पैदा केलीस? ते दुकान बंद होऊनही जमाना झाला. झाकण उघडलं आणि अप्पा बाजूला येऊन बसले, तो चिमटा, ते एका डोळ्यावरचं भिंग, सगळं सगळं. सहाही डब्यांत तीच एक अशी होती की मला विचारच करावा लागला नाही.

म्हणजे नाक आहे. आणि आत्याबाईंचा घोळ कसा झाला तेही कळलं. त्या आठवड्यात चाखण्याच्या खोलीच्या दाराला नवं व्हार्निश दिलं होतं. सकाळपासून तो वास नाकात बसलेला. जो वास सतत आजूबाजूला असतो तो नाक मोजायचं सोडून देतं. आत्याबाईंमधलं व्हार्निश नाकाने वजा केलं, आणि खाली उरला तो गोडवा. म्हणून मावशी. मी आता खिडक्या उघड्या टाकायला लावल्यात.

तरी रात्री झोप नाही. कारण कळलं म्हणून धाकधूक जात नाही. बारा तारीख जवळ येतेय आणि मालकीणबाई दिसल्या की मी गरज नसताना पिपं मोजायला लागतो.

एक विचारायचं होतं. तुझं अक्षर एवढं बारीक कधीपासून झालं? पहिली ओळ ठीक असते, पुढे पुढे मुंग्या. शेवटच्या ओळीला मी भिंग लावलं. कागद वाचवतेस की काय?

नकट्या


२७ मार्च

नकट्या,

मला वाटलं होतं तू मोठा झालास.

पाचवी डबी रिकामी होती.

मुद्दाम ठेवली होती. तू थापा मारतोस की नाही तेवढं बघायला. अप्पांच्या हत्यारांच्या पेटीत स्क्रू ठेवायची जुनी डबी सापडली, ती पुसली आणि तशीच टाकली खोक्यात. पाठवायच्या आधी नाकाशी धरूनही बघितली. काही म्हणजे काही नव्हतं तिच्यात. आणि तू त्या रिकाम्या डबीत तपकीर काढलीस, वर डोळेही पुसलेस!

मला हसू येत नाहीये. पत्र हातात घेऊन मी मशीनवर तशीच बसून राहिले. कारण मला कळलं की बाकीच्या पाच तू बघून लिहिल्यास. तुला वास येत नाही आणि तू माझ्यापासून लपवतोयस. कटकट करून थकल्यावर अप्पाही असंच लपवायचे. आईने विचारलं, आमटीला फोडणी बरी बसली का, की ‘झकास’ म्हणायचे, आणि पोळी नुसती पाण्यात बुडवून खाल्ल्यासारखी गिळायचे. लपवून काय मिळालं त्यांना? वर्ष गेलं फुकट.

तुला कोणी नाही तिथे. मी आहे ती इतकी लांब. माझ्याशी खोटं बोलून कोणाशी खरं बोलणार आहेस? बारा तारखेचं राहू दे, आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा. मी रागावले नाही. म्हणजे रागावले आहे, पण भीती जास्त वाटते.

येत नाही तर येत नाही म्हण रे. मी काय तुला मारणार आहे?

ताई


४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी चप्पल न घालताच गोदामात गेलो.

वाटलं, तू म्हणतेस तेच खरं असेल. आठवणीने वास तयार केला असेल, असं होतं कधीकधी, आमच्यात त्याला ‘नाकाने स्वप्न बघणं’ म्हणतात. डबी घेऊन गेलो आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला काही न सांगता म्हटलं, जरा हुंगून बघ. त्याने भला मोठा श्वास घेतला आणि अशा शिंका दिल्या की कुत्रं उठून पळालं. ‘साहेब, तपकीर आहे हो,’ म्हणाला, ‘माझा आजा ओढायचा.’ मग मी डबी उजेडात धरली. झाकणाच्या आतल्या चरीत तपकिरी रेघ आहे, पुसलीस तरी तिथे फडकं पोचत नाही. आई ओरडायची म्हणून अप्पांनी तपकीर स्क्रूंच्या डबीत लपवली असणार. लबाड म्हातारा.

तेव्हा डबी रिकामी नव्हती. मी खरं बोललो, सहाही वेळा.

ही ओळ लिहिली आणि मला खूप आनंद झाला. मग त्याच ओळीपाशी मी थांबलो.

ताई, तू ती नाकाशी धरलीस आणि तुला काहीच आलं नाही?

दूध तुझ्या शेजारी करपलं. सूनबाईला माडीवर वास आला.

मी तुझी जुनी पत्रं काढून टेबलावर मांडली. गेल्या वर्षीचं अक्षर बघ आणि आताचं बघ. अप्पांच्या शेवटच्या शेवटच्या पावत्या आठवतात, अशाच मुंग्यांनी भरलेल्या? गिऱ्हाइकं वाचता येत नाही म्हणून परत आणायची. कोटाची काजं. बशीत वाजणारा कप. मी इतके दिवस स्वतःच्या हाताकडे बघत बसलो होतो.

मी डॉक्टर नाही. नाक सर्दीने जातं, वयाने जातं, दहा कारणांनी जातं. यातलं एखादंच असेल आणि मी उगाच तुला घाबरवल्याबद्दल तू माझा कान धरशील. धर. पण एक कर. डोळे मीट, आणि सूनबाईला म्हण, नाकासमोर चिरलेला कांदा धर, मग काढून घे, मग पुन्हा धर. कांदा कधी होता आणि कधी नव्हता ते सांगता येतं का बघ. डोळ्यांना झोंबलं ते धरायचं नाही, वास धरायचा.

आणि ताई, येत नाही तर येत नाही म्हण.

नकट्या


८ एप्रिल

नकट्या,

किती रे घाबरट तू. तूच नाही का लिहिलंस, सतत आजूबाजूला असलेला वास नाक मोजत नाही म्हणून? तसंच झालं. अप्पांची पेटी माझ्याच खोलीत, खाटेखाली असते. नाकाला सवय झाली, दुसरं काय.

अक्षराचं म्हणशील तर पेन नवं आहे, बारीक टोकाचं.

कांद्याचे खेळ खेळायला सूनबाईला वेळ नाही आणि मलाही नाही. लोकांचे कोट पडलेत. तू आता माझा विषय सोड आणि बारा तारखेकडे लक्ष दे. नाक कापून घेऊ नकोस चारचौघांत. इकडे यायचं तर मुळीच काढू नकोस, तुझी रजा फुकट जाईल.

सगळं ठीक आहे.

ताई


१३ एप्रिल

ताई,

काल झालं. आधी ते सांगतो, कारण तू वाट बघत असशील. मग दुसरं.

लांब टेबल, पांढरी चादर, सहा काळे पेले, प्रत्येकावर कागदाची टोपी. गिऱ्हाइकं सुटाबुटात. त्यातल्या एकाने अंगावर एवढं अत्तर ओतलं होतं की मी माझी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. माझ्या खिशात तुझं पत्र होतं. पेला उचलताना ते खरखरायचं.

पहिल्या पेल्यात काका. दुसऱ्यात जाऊबाई, टोपी काढताच टोमणा मारला. तिसऱ्यात व्याही. चौथ्यात मावशी. पाचव्यात आत्याबाई, आणि या वेळी मी त्यांना आत्याबाईच म्हणालो. हात कापत होता ताई, पण तो तुझ्या काळजीने.

सहावा पेला आमच्या पाचांपैकी कोणाचाच नव्हता. पाहुणा होता. जुनी रम, पोटात धूर, शेवटी थोडं खारट. मी हुंगली, पाणी घातलं, पुन्हा हुंगली, घोट घेऊन थुंकली, कोपरात नाक खुपसलं, परत पहिल्यापासून. समोरचे सगळे भराभर लिहीत होते. दोन-तीन भट्ट्यांची नावं माझ्याही जिभेवर आली, कुठलंही ठणकावून लिहिलं असतं तर खपलं असतं. मी लिहिलं, ‘येत नाही’.

मालकीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. ‘येत नाही म्हणजे? वास येत नाही?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘वास येतो बाई. ओळखता येत नाही.’ कोणीतरी हसलं. अत्तरवाल्याने बरोबर ओळखली होती, मान्य करायला हवं. एका बंद पडलेल्या भट्टीची, बेटावरची. मी ती कधी चाखलीच नव्हती. बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि त्या म्हणाल्या, ‘सोमवारी नवी पिपं येतायत. सही तुम्हीच करा.’ एवढंच. मला वाटलं होतं, त्या वेळी मी नाचेन.

मी घरी आलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं.

ताई, नाकाला सवय होते ती श्वासागणिक आत जाणाऱ्या वासाची. ती डबी बंद पेटीत होती, पेटी तुझ्या खाटेखाली. तू काही त्या डबीत राहत नव्हतीस. माझंच वाक्य माझ्यावर चालवलंस, पण ते तुला लागू पडत नाही. आणि पेन नवं असतं तर पहिली ओळही बारीक आली असती.

अप्पांच्या वेळी आपल्याला काही कळत नव्हतं. आता औषधं आहेत म्हणतात, लवकर गेलं तर हात पुष्कळ दिवस ताब्यात राहतात. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. ते म्हणाले, आधी दाखवा, मग घाबरा.

मी यायचं काढू नको म्हणालीस, म्हणून मी तिकीट काढलेलं नाही. तू ‘ये’ म्हणेपर्यंत काढणार नाही. पण तू तसं म्हणेपर्यंत मला झोपही यायची नाही.

नकट्या


१७ एप्रिल

नकट्या,

सही तुझीच राहिली हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. सूनबाई बघायला आली, आता काय करपलं म्हणून.

तिला मी कांदा धरायला लावला. डोळे मिटून बसले. ती म्हणाली, सासूबाई, सांगा. मी म्हटलं, धर की आधी. ती म्हणाली, मघापासून धरलाय. तिने कांदा खाली ठेवला, माझे हात हातात घेतले आणि घट्ट धरून ठेवले. उजवा तिच्या हातातही थरथरत होता. मी उगाच तिला कजाग म्हणते. पोरीने गेले कित्येक महिने माझ्यामागे फिरून गॅस बंद केलाय आणि चिरंजीवांनाही कळू दिलं नाही.

तू विचारलंस, डबी नाकाशी धरलीस तेव्हा काहीच आलं नाही का. आता खरं ऐक. मी सगळ्याच डब्या धरल्या होत्या. भरताना एकेक नाकाशी नेली. लवंग, साबण, तेल, कॉफी, मेण. स्वतःला सांगितलं की डब्या थंड आहेत, सकाळ आहे, पडसं आहे. तुझी परीक्षा म्हणून एक रिकामी ठेवली म्हणाले ना? मला तर सहाही रिकाम्याच होत्या रे. नंबर घातले नसते तर कुठली कुठली ते मलाच कळलं नसतं.

मग तुझं उत्तर आलं, सगळं बरोबर. मला इतकं बरं वाटलं, आणि इतका राग आला. पाचवीचं निमित्त मिळालं आणि तुझ्यावर तोंडसुख घेतलं. तुला येत नाही असं ठरवलं की मला येत नाही हे बघावं लागत नव्हतं.

महिनाअखेरच्या मंगळवारी डॉक्टरकडे वेळ मिळाली आहे. सूनबाई येते म्हणते, पण मला माहीत आहे, आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं की मी ‘सगळं ठीक’ म्हणणार. शेजारी माझी थाप पकडणारं कोणीतरी हवं.

हे पत्र लिहायला दुपार गेली. जुन्याच पेनाने लिहितेय, नवं पेन नव्हतंच. अक्षर तुला वाचता यावं म्हणून प्रत्येक ओळ मोठी काढायला बघते आणि हात ती लहान करतो. शेवटचं तेवढं दाबून, मोठं लिहिते.

येत नाही रे मला. वास येत नाही, काज येत नाही, खोटं बोलायला तर आता अजिबात येत नाही.

तू ये.

ताई